रुमालाखालचा नमुना

हे मी सहा वर्षं कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला मी वरणात मीठ जास्त पडलं तरी सांगते. गेल्या महिन्यात पहिल्यांदा तोंड उघडलं, आता तुम्हाला सांगते. थोडी आडवळणानं येईन, सांभाळून घ्या.

मी अमरावतीच्या एका प्रयोगशाळेत आहे. कारखान्यातल्या माणसांच्या श्वासात किती धूळ जाते, कानावर किती आवाज पडतो, ते मोजायचं हे आमचं काम. धुळीसाठी एक छोटा पंप असतो. तो कामगाराच्या कमरेला बांधायचा, नळी खांद्यावरून पुढे आणायची आणि टोकाची डबी गळ्याशी अडकवायची, नाकाच्या जवळ. डबीत पांढरा कागद. पाळी संपली की त्या कागदाचं वजन करायचं. आणि मधे तासातासाला जाऊन बघायचं — डबी जागेवर आहे ना, नळी दबली नाही ना. हे मला नीट शिकवलेलं होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

अकोल्याजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी पहिल्यांदा एकटी गेले. तिथल्या बाया साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवून, तोंडाला दुपट्टा गुंडाळून मशीनमध्ये कापूस टाकायच्या. धूळ ओढणारे पंखे बसवा म्हणून त्या मालकाच्या मागे लागल्या होत्या. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी छाती आवळते, श्वास पुरत नाही, अशी त्यांची तक्रार. मालक म्हणाला, आधी मोजून तर घेऊ. सगळ्यांत पुढे होऊन बोलणारी होती वच्छलाबाई, म्हणून पंप तिलाच बांधायचं ठरलं.

"माह्याच गळ्यात बांध पोरी," ती म्हणाली. "मंग पाहू कोन खोटं बोलून राह्यलं ते."

बांधला. आणि मग मी काय केलं? दहा मिनिटांत माझे डोळे चुरचुरायला लागले, घसा खवखवायला लागला — आणि मी ऑफिसात जाऊन कूलरसमोर बसले. मॅनेजरनं चहा पाजला, कचोरी मागवली. दिवसभर बसले. जी धूळ मला दहा मिनिटं सोसवली नाही, तीच मोजायला मी आले होते! तासातासाच्या तपासणीच्या रकान्यात मी बसल्या जागेवरून बरोबरच्या खुणा केल्या.

पण खरी गोष्ट ही नाही. खरी पुढे आहे — येते, येते.

संध्याकाळी पंप सोडायला गेले. वच्छलाबाईनं दुपट्टा काढला, शर्टाचं वरचं बटण उघडलं, आणि मी बघतच राहिले. डबीच्या तोंडावर रुमाल. लेकाच्या शाळेचा, धुतलेला, घडी घालून वरून दोऱ्यानं पक्का बांधलेला. आणि ती माझ्याकडे कौतुकानं बघत होती.

"एवढी महागाची मशीन तुही, धूळ घुसली असती तं? सकाळपासून झाकून ठेवली, पाह्य. कण नाई जाऊ देल्ला."

तुम्हीच सांगा, तिची काय चूक? दुसऱ्याची वस्तू जिवापाड सांभाळायची, हीच तिची रीत. डबी उघडी का ठेवायची ते मी तिला सांगितलंच नव्हतं. आणि एकदा, फक्त एकदा उठून गेले असते तरी दिसलं असतं.

मी दोरा सोडला. रुमाल मातकट झाला होता, झटकला तर त्यातून धूळ उडाली. डबीतला कागद मात्र पांढराशुभ्र. नमुना बाद करायचा, उद्या परत यायचं, आमच्या साहेबांना सांगायचं — एवढंच करायचं होतं. मी रुमाल तिच्या हातात दिला. "छान सांभाळलं हो मावशी," म्हणाले. आणि फॉर्मच्या शेवटी शेऱ्याची ओळ असते, तिथे लिहिलं — काही नाही.

हेच ते. हेच सहा वर्षं गिळून बसले होते.

अहवाल गेला: धूळ मर्यादेच्या आत. साहेब खूश, मालक खूश, मी नोकरीत कायम झाले. त्या जिनिंगकडे पुन्हा फिरकले नाही. गेल्या महिन्यात आवाज मोजायच्या कामावर तिथेच पाठवलं तेव्हा कळलं, पंखे कधी बसलेच नाहीत. अहवाल अजून भिंतीवर होता. वच्छलाबाई आता फाटकाशी बसून बारदान शिवते, चार पावलं चालली की थांबते. ती छातीचं बोलली की मॅनेजर म्हणायचा, मशीन तुझ्याच गळ्यात होती ना? मग ती बोलायचीच थांबली. बाकीच्याही थांबल्या.

त्या दिवशी मी आवाज मोजलाच नाही. परतीच्या एसटीतून साहेबांना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. ते खूप बोलले, बोलायलाच हवं होतं. जिनिंगला पत्र गेलं, जुना अहवाल रद्द झाला. मग मी वच्छलाबाईकडे गेले आणि तिलाही सगळं सांगितलं. वाटलं होतं, शिव्या देईल. निदान हाकलून तरी देईल. तिनं सुई बारदानात खोचली आणि डोळ्याला पदर लावला.

"म्हंजे माही छाती खरंच बोलत होती," ती म्हणाली. "मले वाटे, मीच ढोंगी हाओ. सहा वर्सं वाटे."

तिची छाती आता पूर्वीसारखी होणार नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. माझं मन हलकं झालं, हे खरं आहे. त्या हलकेपणाचीही लाज वाटते, हेही खरं.

परवा पुन्हा मोजलं. पंप एका तरण्या बाईला बांधला, डबी उघडी का ठेवायची ते सगळ्यांना समजावलं. तरी तिचा हात रुमालाकडे गेलाच. वच्छलाबाई फाटकाकडून धापा टाकत आली. "झाकू नको वं! खाऊ दे मशीनले धूळ." मी पाळीभर तिथेच पोत्यावर बसले, डोळे चोळत, खोकत.

संध्याकाळी फॉर्म भरला. शेऱ्याच्या ओळीत जागा पुरेना, म्हणून मागच्या बाजूला लिहिलं — सहा वर्षांपूर्वीचा नमुना रुमालाखालून घेतलेला होता. मला माहीत होतं. खाली सही केली, आणि तारीख घातली.