कुजबुजे आणि त्यांची पाहुणी

आमच्या नाटक मंडळीत एक माणूस चौतीस वर्षं प्रत्येक प्रयोगाला बोलला, आणि त्याचा आवाज एकाही प्रेक्षकाने कधी ऐकला नाही. ते आमचे प्रॉम्प्टर. डाव्या विंगेत स्टुलावर बसायचे. मांडीवर नाटकाची वही, कानामागे पेन्सिल. आमच्यातलं कोणी वाक्य विसरलं की ते हलकेच पुरवायचे. आवाज असा, की चार पावलांवरच्या नटाला स्वच्छ ऐकू यावा आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला वाटावं, पडदा हलला. मंडळीतल्या कोणा वात्रटाने त्यांना ‘कुजबुजे’ असं आडनाव बहाल केलं. ते इतकं चिकटलं की पुढे पुढे त्यांना पत्रंही त्याच नावाने यायला लागली.

मी त्या मंडळीची नायिका होते. आज माझ्याकडे बघून कोणाला पटायचं नाही, पण होते.

कुजबुजेंचा एक नियम होता आणि नव्याने विंगेत बसणाऱ्या प्रत्येकाला ते तो समजावून सांगत. नट थांबला, तर तो मुद्दाम थांबलाय की विसरलाय हे बाहेरून कळत नाही. तेव्हा विचार करत बसायचं नाही. शंका आली की वाक्य द्यायचं. त्याला आठवत असेल तर दोनदा ऐकू येईल, त्याने काय बिघडतं? पण तो खरंच विसरला असेल आणि आपण गप्प राहिलो, तर माणूस उभ्या उभ्या मेला.

एकदा मीही अशीच मेले असते. तिसरा अंक, मुलगा गेल्याची बातमी येते आणि आई बोलायला लागते, दीड पानाचं भाषण. मला पहिला शब्दसुद्धा आठवेना. कुजबुजेंनी ते दीड पान मला एकेक वाक्य करून दिलं. मी ऐकायचे, थांबायचे, बोलायचे. लोकांना वाटलं, बाई दुःखाने अडखळतेय. सभागृहात रुमाल निघाले. दोन दिवसांनी वर्तमानपत्रात माझ्या त्या थांबण्याचं भरभरून कौतुक छापून आलं. मी कात्रण घेऊन कुजबुजेंकडे गेले. त्यांनी ते चष्मा लावून सावकाश वाचलं, ‘छान लिहिलंय’ म्हणाले आणि घडी घालून परत दिलं. ही गोष्ट त्यांनी आयुष्यात कोणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही. हे मला ठाऊक आहे, कारण वहिनी जाईपर्यंत भेटेल तेव्हा माझ्या त्या थांबण्याची आठवण काढायच्या.

वहिनी गेल्या तेव्हा मंडळी बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. कुजबुजे माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायचे. एक दिवस त्यांनी घरातले जुने पडदे धुऊन गाठोडं बांधलं आणि भटक्या प्राण्यांच्या निवाऱ्यात अंथरायला द्यायला गेले. पडदे देऊन कुत्री घेऊन आले.

मालाच्या ट्रकखाली सापडलेली, नऊएक वर्षांची, तपकिरी रंगाची, एक कान अर्धा. तिला मधुमेह होता आणि त्यापायी दोन्ही डोळे दुधासारखे पांढरे झाले होते. तिला कोणी नेत नव्हतं. निवारा चालवणाऱ्या ताईंनी पंधरा दिवस पाहुणी म्हणून ठेवून बघा म्हटलं, म्हणून तिचं नाव पाहुणी. पंधरा दिवसांची तीन वर्षं झाली.

ताईंची अट मात्र कडक होती आणि कागदावर सही घेऊन होती. रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला, पोटभर खाल्ल्यावर, इन्सुलिनची सुई. त्यात घोळ झाला तर कुत्री परत निवाऱ्यात. याआधी दोन कुत्री फार प्रेम करणाऱ्या माणसांच्या घरी गेली आहेत, असं त्या म्हणाल्या होत्या. ‘गेली’ कशा अर्थाने ते मी विचारलं नाही.

पण कुजबुजेंना वेळेचं काय सांगायचं! त्यांनी तिच्यासाठी नाटकासारखी वही सुरू केली. डावीकडे वेळ, उजवीकडे काय घडलं ते. ‘सात. पाहुणीची एंट्री. खाल्लं, सगळं. सुई, सहा. पाणी एक वाटी.’ पाणी जास्त प्यायली तर खाली रेघ, कारण तहान वाढली म्हणजे साखर वाढली. खाणं तराजूवर तोलून. इन्सुलिनची बाटली फ्रिजच्या दारात, आणि ती हलवायची नाही, दोन्ही तळव्यांत धरून अलगद फिरवायची, हे त्यांनी मला इतक्यांदा दाखवलं की जणू उद्या मलाच परीक्षा होती. खांद्यामागची कातडी चिमटीत धरायचे, सुई टोचायचे, टोपण लगेच पत्र्याच्या डब्यात टाकायचे. पाहुणीला कळायचंही नाही.

आणि जमिनीवर खुणा. आम्ही रंगमंचावर खुर्ची-टेबलाच्या जागा चिकटपट्टीने आखतो, तशा त्यांनी घरभर आखल्या होत्या. आंधळ्या जिवाला वस्तू जागेवर लागतात. मी खुर्चीवरून उठले आणि ती चार बोटं सरकली, तरी ते पायाने ढकलून खुणेवर आणायचे. ‘बाई, तिला लागेल.’ मग त्याच जुन्या आवाजात पाहुणीला सांगायचे, ‘डावीकडे.’ ती डावीकडे वळायची. ‘पायरी.’ ती पाय उचलायची. मी म्हणायचे, कुजबुजे, तुमचं इतकं ऐकणारी नटी मंडळीत एकही नव्हती. ते म्हणायचे, हिला टाळ्यांची हाव नाही.

मी रोज दहा वाजता चहाला जायचे. शेवटच्या वर्षी त्यांचं काहीतरी निसटतंय हे मला दिसत होतं. सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगायचे. चहात साखर दोनदा पडायची. बोलता बोलता एखाद्या शब्दापाशी अडायचे आणि मी तो पटकन पुढे करायचे. आपल्या वयाला हे चालायचंच, असं मी स्वतःला समजावत होते. खरं म्हणजे मी त्यांना सांभाळून घेत होते, त्यांनी मला घेतलं तसं.

त्या दिवशी दार उघडंच होतं. पाहुणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी डोलत उभी होती, दारू प्यायलेल्या माणसासारखी. मी हाक मारेपर्यंत ती आडवी झाली आणि चारही पाय झाडायला लागली. कुजबुजे वही छातीशी धरून भिंतीला टेकले होते. साखर एकदम उतरली तर हिरड्यांना मध चोळायचा, हे त्यांनीच मला शिकवलं होतं, आणि बाटलीही त्यासाठीच वरच्या फळीवर होती. मी मध चोळला. अर्धा जमिनीवर सांडला. तिचे पाय थांबले तेव्हा मी मान वर केली, आणि मला ओट्यावर सुईचं एक टोपण दिसलं. दुसरं फ्रिजपाशी पडलं होतं.

त्यांनी माझी नजर पाहिली.

“पेन्सिलचं टोक मोडलं होतं,” ते म्हणाले. “टोक करून आलो. वही बघितली, तर रकाना कोरा.”

पुढचं सांगायची गरज नव्हती. टोक करायला गेले तेवढ्यात, सुई दिली की नाही हे डोक्यातून पुसलं गेलं होतं. वहीसमोर उभे राहिले असतील, घरात शांतता. शंका आली. चौतीस वर्षं शंका आल्यावर जे केलं तेच त्यांनी केलं. दिली.

टॅक्सीने तिला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर बाई निवाऱ्याचीही कुत्री बघायच्या. त्यांना सांगितलं ते ताईंना कळणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. बाईंनी पाहुणीच्या पायाला सलाइन लावलं, साखर तपासली आणि कुजबुजेंना समोर बसवलं. मी त्यांच्या मागच्या बाकावर.

सकाळी किती युनिट दिलं, असं बाईंनी विचारलं. कुजबुजेंनी वही पुढे केली. “सहा.”

बाई विचारात पडल्या. सहावर साखर इतकी खाली येत असेल तर हिची इन्सुलिनची गरजच कमी झालेली दिसते, म्हणाल्या. उद्यापासून चारच द्या, मी कागदावर बदलून देते.

म्हणजे खोट्या आकड्यावर औषध ठरणार होतं. चारवर पाहुणीची साखर पुन्हा चढली असती, तिला आतून खात गेली असती. कुजबुजेंना हे माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. त्यांनी तोंड उघडलं. आणि थांबले. ओठ हलले, आवाज फुटेना. मला त्यांचा चेहरा बाजूने दिसत होता. चौतीस वर्षं विंगेतून त्यांनी आमचे जे चेहरे पाहिले असतील, तसला.

मी गप्प राहू शकत होते. घरी जाऊन गुपचूप सहाच द्या म्हटलं असतं तर कोणाला कळणार होतं? पाहुणी त्यांच्याकडे राहिली असती, पुन्हा पेन्सिलचं टोक मोडेपर्यंत. तिच्याशिवाय त्या दोन खोल्यांत त्यांचं काय होईल तेही मला दिसत होतं. हा सगळा विचार फार वेळ केला असं वाटतं, पण बाईंनी पेनाचं टोपण काढेपर्यंतच केला असेल.

मी पुढे वाकले आणि त्यांच्या कानामागे, त्यांच्याच आवाजात म्हटलं, “बारा.”

“बारा,” कुजबुजे म्हणाले. मग सगळं आलं. “दोनदा दिली मी. दिली की नाही ते आठवेना, म्हणून दिली.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. “आजोबा, आठवत नसेल तर द्यायची नसते. एक वेळ चुकली तर साखर चढेल, ती उद्या उतरवता येते. दोनदा गेली तर कुत्रीच जाते.”

“आमच्यात उलटं असतं,” कुजबुजे म्हणाले.

परत येताना टॅक्सीत पाहुणी आमच्या दोघांच्या मांड्यांवर आडवी पसरली होती. मला त्यांच्याकडे बघायचा धीर होत नव्हता. त्यांनी खिडकीकडे बघत म्हटलं, “बाई, वेळेवर दिलंत.”

ताई दोन दिवसांनी दुपारी आल्या. मी त्यांना विनवलं, सकाळ-संध्याकाळ मी येऊन सुई देईन. त्यांनी रिकामी सुई माझ्या हातात दिली. मी ती धरली, आणि तिचं टोक हवेत इतकं थरथरलं की ताईंनी अलगद काढून घेतली. ताई पाहुणीला निवाऱ्यात नव्हे, स्वतःच्या घरी ठेवणार होत्या, एवढं त्यांनी आम्हाला दिलं.

कुजबुजेंनी सामान बांधलं. वाटी, गादी, तराजू, मधाची बाटली, वही, आणि चिकटपट्टीचं नवं रीळ. खुर्च्यांभोवती कशी चिकटवायची ते ताईंना खाली बसून दाखवलं. ताईंना ते समजलेलं होतं, तरी त्यांनी पूर्ण बघून घेतलं. दारापाशी कुजबुजे पाहुणीच्या अर्ध्या कानाशी वाकले.

“पायरी,” म्हणाले.

तिने पाय उचलला आणि गेली.

पुढे ताई तिला रविवारी भेटायला आणायच्या. पाहुणी आत आली की खुणांमधून न अडखळता सरळ त्यांच्या खुर्चीपाशी जायची. कुजबुजेंचं विसरणं वाढत गेलं. माझं नाव गेलं, मंडळीचं गेलं. दिवसभर बसायला एक बाई ठेवली, तिला ते कधी वहिनी समजायचे, कधी तिकीटविक्रीवाली. पाहुणी चौदा महिन्यांनी ताईंच्या घरी झोपेतच गेली. मूत्रपिंडं थकली होती.

मी त्यांना सांगितलं. ते लहान मुलासारखे रडले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घड्याळाकडे बघून त्यांनी विचारलं, सुई दिली का? मी पुन्हा खरं सांगितलं. ते पुन्हा तसेच रडले, पहिल्यांदा ऐकल्यासारखे. त्यांच्यासाठी ते पहिल्यांदाच होतं.

तिसऱ्या दिवशी मी खरं सांगितलं नाही.

आता मी रोज संध्याकाळी सातला जाते. ते खुर्चीत बसलेले असतात, हात मांडीवर, वही असायची त्या जागी. मला ओळखत नाहीत, पण मी आल्यावर त्यांना बरं वाटतं असं ती बाई सांगते.

“सुई दिली का?”

“दिली,” मी म्हणते.

“किती?”

“सहा.”

ते मान डोलावतात. दहा मिनिटांनी पुन्हा विचारतात आणि मी पुन्हा सांगते. उठताना माझी खुर्ची सरकलेली असते. ती पायाने ढकलून खुणेवर आणते आणि मग घरी येते.