हरणीची धार आणि आमची पाच बोटं

माणसाचा हात बंद पडला की तोंड जास्त चालतं. राजारामपुरीतल्या एका छोट्या दवाखान्यात आम्ही चौघं रोज संध्याकाळी बोटांच्या व्यायामाला जमायचो. पेपर धरता येत नाही, मोबाईल दाबता येत नाही, मग करायचं काय? बोलायचं! आधीच्यावर हसून होतंय तोवर नवा किस्सा जिना चढून वर यायचा.

मी दत्तू. शिक्षण सातवी, तेही मास्तर कंटाळले म्हणून पास. शिरोली एमआयडीसीत जन्मभर लेथ चालवली, बोटाला खरचटलं नाही. रिटायर झालो आणि घरच्या दारात पहिलं बोट चेपून घेतलं! आमच्या मॅडम म्हणजे फिजिओथेरपिस्ट, माझ्या नातीच्या वयाच्या. त्यांचा दिवसभर एकच मंत्र, "रिलॅक्स... रिलॅक्स..."

*

आमच्यातले शिकलेले म्हणजे देशपांडे सर. स्कूटरवरून पडले आणि उजवा अंगठा प्लास्टरमध्ये गेला. पहिल्या दिवशी म्हणाले, "चार बोटं शाबूत आहेत. अंगठ्याचं काय एवढं?"

मी म्हटलं, "सर, शर्टाचं बटण लावून दाखवा."

दहा मिनिटं झटले. शेवटी नातवाचा टी-शर्ट घालून यायला लागले. छातीवर वाघाचं चित्र!

पुढं त्यांना हयातीचा दाखला द्यायला बँकेत जावं लागलं. पेन धरता येईना, सही होईना. क्लार्क त्यांचाच जुना विद्यार्थी. चाळीस वर्षं ज्या सरांनी वर्गाला "अंगठेबहाद्दर" म्हणून हिणवलं, त्यांच्यापुढं त्यानं शाईचा पॅड सरकवला. सरांनी डावा अंगठा उठवला.

क्लार्कनं कागद वर धरून नीट बघितला आणि म्हणाला, "शाब्बास सर! सुवाच्य आलाय!"

*

आता माझी फजिती ऐका. माझ्या बोटाला पट्टी लावून ते सरळ ताठ ठेवलेलं. मेव्हण्याला भेटायला सकाळी मार्केट यार्डात गेलो, तर तिथं भाजीचा सौदा चाललेला. गर्दीत कुणाला लागू नये म्हणून मी हात वर धरला. अडत्या माझ्याकडं बघून ओरडला, "दिली पावण्याला!"

एक रिक्षा भरून मेथी घरी आली.

बायको म्हणाली, "बोट खाली घ्यायला काय झालतं?"

"अगं, ते खाली आलं असतं तर मॅडमकडं कशाला गेलो असतो?"

निम्मी मेथी मी दवाखान्यात नेली. वाटलं, मॅडम बोलणार. पण त्या म्हणाल्या, "छान! अंगठा आणि पहिलं बोट, या चिमटीला याहून चांगला व्यायाम नाही." आठ दिवस सगळे पेशंट मेथी निवडत बसले. वाघाच्या टी-शर्टातले सर देठं मोडताना बघून एक नवीन बाई दारातून परत गेली. खाली जाऊन म्हणाली म्हणे, "वर खानावळ हाय."

*

मधल्या बोटाला पट्टी बांधून एक पैलवान यायचा. मनगट माझ्या मांडीएवढं. त्याला म्हटलं, "पैलवान, चांगल्या हाताचं मधलं बोट दुमडून टेबलावर दाबा. बाकीची सरळ टेकवा. आता नुसती करंगळीच्या शेजारची अनामिका उचला. उचलली तर मिसळ माझ्याकडनं."

"एवढंच व्हय?" म्हणाला.

कपाळाला घाम आला, मानेच्या शिरा फुगल्या. टेबल हललं, टेबलावरची बरणी पडली, पण बोट काही उठेना! वाचक हो, तुम्हीपण करून बघा, मी थांबतो.

मॅडम म्हणाल्या, "त्या दोघांच्या शिरा एकमेकींत बांधलेल्या असतात."

कोपऱ्यातनं आमच्यातला चौथा, बापू, म्हणाला, "बैलजोडी हाय ती. एक बसला की दुसरा कुठं जातोय?"

*

आता बापू. कोडोलीचा शेतकरी, माणूस अबोल. कडबा कापायच्या यंत्रात त्याची करंगळी कापली. ऑपरेशन करून जोडली, पण मिटत नव्हती.

सर म्हणाले, "करंगळीवाचून काय अडतंय हो? शाळेत बाहेर जायची परवानगी मागण्यापुरती ती!"

बापूनं हात पुढं केला. "म्हशीची धार काढताना अंगठा आन् पयलं बोट वरनं दार लावत्यात. मग मधलं दाबतंय, मग शेजारचं. शेवटचं पिळायचं काम करंगळीचं. ती मिटली न्हाई तर दूध चारी सडांतच ऱ्हातंय, आन् म्हस आटती."

त्याची हरणी म्हैस दुसऱ्या कुणाचा हात लावून घेत नव्हती. बायकोला शिंग दाखवायची, पोराला लाथ. पोरानं धारेचं मशीन आणलं, तर मशीनला लाथ! बापू एका हातानं जमेल तेवढी धार काढायचा, पण दूध रोज कमी होत चाललेलं. शेवटी पोरगा म्हणाला, "आबा, महिनाभर बघतो. न्हाई जमलं तर व्यापाऱ्याला देऊन टाकू."

सरांनी हळूच स्वतःची करंगळी मिटून बघितली.

*

खरं सांगायचं तर मला सरांवर पाणी उडवायचं होतं. म्हणून मी मॅडमचा रबरी हातमोजा पाण्यानं भरला, बोटांना टाचणीनं भोकं पाडली आणि खिडकीच्या गजाला टांगला. सर यायच्या आधी बापू आला. मोज्याकडं बघत राहिला. मग खाली उकिडवा बसला, बादली गुडघ्यात धरली आणि म्हणाला, "एक सड जास्ती हाय!"

आणि लागला धार काढायला. पाणी वाकडंतिकडं उडत होतं. तेवढ्यात मॅडम आल्या. मी नजर चुकवून मेथीच्या पिशवीकडं बघायला लागलो.

मॅडम बापूजवळ बसल्या. "बापू, दात का आवळलेत? दात सोडा. खांदा सोडा. रिलॅक्स..."

बापूनं श्वास सोडला. करंगळी थरथरत आत आली, अर्धी. दुसऱ्या दिवशी मॅडमनी स्वतःच मोजा भरून टांगला.

*

महिना संपायच्या आदल्या संध्याकाळी बापू आला नाही. सकाळी व्यापारी येणार होता. सहा वाजता मॅडमचा फोन वाजला. बापूच! आवाज एकदम बारीक.

"मॅडम, करंगळी मिटतीया. पर हरणी पान्हा सोडंना. पोरगं दारात हुबं हाय."

"बापू, मला म्हशीतलं काही कळत नाही हो!"

"रोजचं म्हणा की. कारभारणीनं फोन धरलाय."

मॅडमनी आमच्याकडं बघितलं. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. पैलवानानं उठून पंखा बंद केला.

"बापू, दात सोडा. खांदा सोडा. रिलॅक्स..."

तिकडं साखळी वाजली. मग काहीच नाही.

"रिलॅक्स..."

एक लांब उसासा आला. मग बादलीच्या बुडावर चुर्रर्र... थांबलं. परत चुर्रर्र... चुर्रर्र...

सर, पैलवान आणि मी, तिघंही नकळत मुठी मिटत-उघडत होतो.

लांबनं पोराचा आवाज आला, "आबा, व्यापाऱ्याला येऊ नगो म्हणून सांगू?"

"गप!" बापू कुजबुजला. "मॅडम, फोन ठेवू नगासा. ऐकतीया ती."