पल्ला कुणी द्यायचा

लग्नाच्या आदल्या दिवशी लेक मला म्हणाली, "आई, पल्ला आबांनी द्यायचा असतो. तू विचार ना त्यांना."

आमच्याकडे पल्ला म्हणजे लांबचं अंतर. मला काही कळेना. तेव्हा तिने माझ्या खांद्यावर ओढणी टाकून दाखवलं. शीख लोकांत नवरदेवाच्या खांद्यावर लांब उपरणं असतं, तोच पल्ला. नवरीचा बाप त्याचं टोक तिच्या हातात देतो. ते धरून ती नवऱ्याच्या मागून त्यांच्या ग्रंथसाहेबाभोवती चार फेरे घेते.

मुलगा शीख. त्याची आणि तिची ओळख पिरंगुटच्या कंपनीत झाली. तिने घरी सांगितलं तेव्हापासून हे तिच्याशी बोलत नव्हते. तांब्या तिच्यापुढे असला तरी पाणी माझ्याकडे मागायचे. मी भीत भीत पल्ल्याचं विचारलं, तर म्हणाले, "लांबच्या पल्ल्यालाच चाललीया, जाऊ दे. मी येईन. गावाला तोंड दाखवायचंय. पण मला तितं उठवू नका."

लेकीला मी एवढंच म्हटलं, "बघू."

सकाळी कासार आंबोलीहून गाडी करून आम्ही शहरातल्या गुरुद्वारात गेलो. मुलीचा बाप म्हणून हे दारात हात जोडून, मान खाली घालून उभे होते. आमच्यात वरपक्षापुढे असंच उभं राहायचं. मुलाचे वडील चांगले धिप्पाड. ते पुढे आले, यांच्या गळ्यात हार घातला, मिठी मारली आणि यांना चक्क उचललं! यांचे पाय जमिनीवरून सुटले. सगळे हसायला लागले. दोन्हीकडच्या माणसांच्या त्या भेटीला मिलनी म्हणतात. मला मात्र हसू आलं नाही. यांचा राग मला माहीत.

धाकटी जाऊ कानाशी लागली, "अक्का, ह्यो व्याही हाय का पैलवान? भाऊजी आता गाडीत जाऊन बसत्यात बघा."

पण हे गेले नाहीत. डोक्याला बांधायला दिलेला केशरी रुमाल सारखा करत तिथेच उभे राहिले.

आत सगळे जमिनीवर बसलेले. बाया एकीकडे, पुरुष एकीकडे. अंतरपाट नाही, होम नाही, मंगलाष्टकं नाहीत. जाऊने पदराच्या गाठीत अक्षता आणल्या होत्या.

"अक्का, ह्या कवा टाकायच्या?"

"टाकायच्या न्हाईत, असं लेक म्हनत व्हती."

"मंग लगीन लागलं, हे कळायचं कसं?"

मला तरी कुठे माहीत होतं? तेवढ्यात ग्रंथ वाचणाऱ्या भाईंनी मुलीच्या वडिलांना पुढे बोलावलं.

लेक नवरदेवाशेजारी मान खाली घालून बसली होती. तिने हात पुढे केला. हे उठले नाहीत. खाली सतरंजीकडे बघत बसले. कीर्तनाला बसलेल्या पेटीवाल्यांनी मान वळवून बघितलं. मुलाच्या आईने माझ्याकडे बघितलं. लेकीचा मेंदीचा हात तसाच, रिकामा.

मी चारचौघांत कधी उभी राहिलेली नाही. बचत गटात नाव विचारलं तरी माझा आवाज फुटत नाही. त्या दिवशी मी कशी उठले, ते मला अजून कळलेलं नाही. एवढ्या पुरुषांसमोरून चालत गेले आणि उपरण्याचं टोक लेकीच्या हातात दिलं. तिने वर न बघता माझी बोटंही त्यात धरली. मलाच ती सोडवून घ्यावी लागली.

चार फेरे मला धड दिसले नाहीत. यांच्याकडे बघायची छाती झाली नाही.

मग जेवायला खाली पंगत बसली. जेवण झालं, सगळे उठले, आणि हे उठेनात. व्याह्यांनी काखेत हात घालून यांना उभं केलं. यांचा उजवा पाय टेकत नव्हता. मी धावले.

"काय झालं हो?"

"पाय आकडलाय. मगाशी बी आकडला व्हता."

"मगाशी कवा?"

"बोलावलं तवा. मी उठत व्हतो, तवर तू निघालीस की तरातरा."

"पण तुमीच म्हनला व्हता, उठवू नका."

"म्हनलो व्हतो. आता व्याह्यांचं पाय धरायचं, ह्यो राग मनात घिऊन आलो व्हतो. तर ह्या बाबानं मलाच उचललं. मंग राग कुटं ऱ्हातोय?"

लेकीला वाटत असणार, बाप उठलाच नाही. इतक्या वर्षांच्या संसारात मी यांना कधी काही करा म्हणून सांगितलं नव्हतं. तेव्हा तोंडातून निघून गेलं, "हे मला नगा सांगू. जावा, तिला सांगा."

हे व्याह्यांचा दंड धरून, लंगडत, दारापाशी उभ्या असलेल्या लेकीकडे गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. आधी यांनी पायाकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे. लेकीने माझ्याकडे बघून कपाळावर हात मारून घेतला.

मग भर लग्नात, सगळ्या वऱ्हाडासमोर, ती नवी नवरी जमिनीवर बसली आणि लाल चुड्याच्या हातांनी बापाचा गुडघा चोळायला लागली.