कुंपणावरची कळलावी

टाकव्याला माहेरी गेले होते, तेव्हा बांधावरचा एक कंद मी पदराला बांधून आणला. लोणावळ्याला आमच्या दोन खोल्यांमागे चिंचोळं परस होतं. शेजारणी गुलाबाच्या काड्या मागून आणायच्या. मी मात्र सोनकी, रानहळद, तेरडा, असं डोंगरातलं मिळेल ते लावायची. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या एकदोन वर्षं आधीची ही गोष्ट.

पावसाळ्यात तो वेल पानांच्या टोकांनी काठ्या धरत कुंपणावर चढला आणि श्रावणात फुलला. उलट्या वळलेल्या पाकळ्या, खाली पिवळ्या, वर लाल. मी कौतुकानं सासूबाईंना बोलावलं.

"अगं, ही कळलावी! घरात भांडणं लावते. उपट आधी."

हे रेल्वेच्या लोको शेडातून आले, तर म्हणाले, "फुलानं कुठं भांडण लागतं? राहू दे."

त्याच आठवड्यात हे आणि माझे दीर सायकलीवरून असे भांडले, की दीर भरल्या ताटावरून उठले. सासूबाईंनी मला कुंपणाकडे बोट दाखवलं. कुणाचं ऐकावं मला कळेना.

शेवटी शेजारच्या वहिनींना विचारलं. त्या मुसलमान, त्यांच्या घरधन्याचं बाजारात बांगड्यांचं दुकान. वहिनींना आठवा महिना होता. हसून म्हणाल्या, "द्या इकडं. आमचे हे दिवसभर दुकानात. भांडायचं कुणाशी?" मी वेल मातीसकट कुंपणापलीकडे लावला. दुसऱ्या दिवशी दीर भावाला सायकलीवर मागे बसवून शेडात सोडून आले. वेल गेला म्हणून, की राग ओसरला म्हणून?

महिन्याभरानं एका सकाळी वहिनींना कळा सुरू झाल्या. दुपार झाली तरी सुटका होईना. म्हातारी सुईण बाहेर आली.

"पोरी, कळलावी हाय का कुटं? कंद पायजे."

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई खुरपं घेऊन वेलाशी पोचल्या होत्या. त्यांनी कंदाचा तुकडा कापला, उरलेला पुन्हा मातीत लोटला.

"त्वांडाला हात लावू नगा, इखारी हाय," सुईण म्हणाली. तिनं तो उगाळून वहिनींच्या तळपायांना लावला. चहाच्या वेळेला मुलीचं रडणं ऐकू आलं.

"मावशी, कंदामुळं झालं, की वेळच भरली होती?" मी विचारलं.

"मला काय ठावं? माजी आई लावायची, मी लावते. पोर आली न्हवं?"

पाचव्या दिवशी सासूबाई वहिनींना म्हणाल्या, "आमची कळलावी परत द्या. घरात असावी अशी आहे ती."

"आता ती माझ्या लेकीची," वहिनी म्हणाल्या.

"माझ्या सुनेनं माहेराहून आणलीय!"

आवाज चढत गेले. त्यानंतर दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. यांना हसू आवरेना. मला हसू येईना. वेल तेव्हाच उपटला असता तर या दोघी भांडल्या नसत्या. पण मग त्या दुपारी कंद कुठून आणला असता? मी गुपचूप वहिनींना डिंकाचे लाडू नेऊन देत होते. ते चुकतंय की बरोबर, तेही कळत नव्हतं.

दिवाळीपर्यंत वेल वाळून गेला. पुढच्या ज्येष्ठात कोंब आले ते दोन, एक वहिनींकडे, एक आमच्याकडे. कंद कुंपणाखालून दोन्ही अंगांनी वाढला होता. सासूबाईंनी आमच्याकडच्या कोंबाभोवतीची माती सारखी केली. मग कुंपणावरून हाक मारली, "वहिनी, या इकडं! तुमची आमच्यात आलीय."

वहिनी मुलीला कडेवर घेऊन आल्या. सासूबाईंनी हात पुढे केले आणि मुलगी त्यांच्याकडे झेपावली. मग दात, जावळ, दूध यांच्या गोष्टी सुरू झाल्या.

"पण ही कळलावी खरी कुणाची गं?" सासूबाईंनी मला विचारलं. दोघी माझ्याकडे बघू लागल्या.

"मला नाही माहीत," मी म्हणाले.