दोनशे घड्याळांची ऑर्डर

पिरंगुटच्या बाजारात गिफ्टचं दुकान चालवणाऱ्या एक ताई आहेत. त्या वस्तू दाखवण्याआधी चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "कुणाला द्यायचंय? माणूस कसा हाय?" आपण अडखळलो की गिफ्ट मिळत नाही!

यंदा दिवाळीच्या तोंडावर एका कारखान्याचे साहेब आले. "ताई, कामगारांसाठी भिंतीवरची दोनशे घड्याळं द्या."

सीझनची सगळ्यात मोठी ऑर्डर! मी तेव्हा खरेदीसाठी काउंटरपाशीच उभा होतो.

"साहेब, गेल्या साली बी घड्याळंच नेलीत. निम्मी माझ्याकडं बदलाया आली. घरच्या बायकांना कुकर पायजे."

"आहेत तुमच्याकडे?"

"न्हाईत. शेजारी भांड्यांच्या दुकानात हायेत."

साहेब खरोखरच शेजारी गेले! मी कळवळलो, "ताई, ऑर्डर घालवलीत की!"

"घालवली तर घालवली. तीच माणसं भाऊबीजेला भनीसाठी हितं येत्यात. त्यांना काय तोंड दाखवू?"

भाऊबीजेच्या सकाळी मी गेलो, तर दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारचे भांडीवाले स्वतःचं दुकान सोडून ताईंच्या काउंटरवर घामाघूम होत गिफ्टना रिबिनी बांधत होते, आणि ताई सगळ्यांदेखत ओरडत होत्या, "अवो भाऊ, हळू आवळा! कुकरचं झाकण न्हाई ते!"