मोकळ्या ओळी

माझ्या ट्रम्पेटला लावायच्या तेलाचा वास आला की सावेडीतला तो शाळेचा हॉल आठवतो, प्लास्टिकच्या खुर्च्या, कुरकुरणारे पंखे आणि गळ्यात सॅक्सोफोन अडकवून उभे असलेले माझे सर. सर जॅझच्या रचना करायचे, पण पूर्ण कधीच लिहायचे नाहीत. सुरावट मांडून झाली की पुढच्या माझ्या ट्रम्पेटच्या ओळी कोऱ्या सोडायचे. "इथं मी काय वाजवतोय ते ऐकायचं आणि त्याला उत्तर द्यायचं. घरून काही ठरवून यायचं नाही." मी विचारलं, "आन् चुकलं तर, सर?" ते म्हणाले, "चुकू दे की." महिन्यापूर्वीच त्यांची बायको गेली होती आणि हॉलमधल्या कार्यक्रमासाठी आम्ही बसवत होतो ती रचना तिच्यासाठी होती. मी मात्र घाबरून, सुपे गावातल्या कारखान्यातून कामावरून आल्यावर आठवडाभर गुपचूप त्या कोऱ्या ओळींसाठी एक तुकडा बसवला. कार्यक्रमात सरांनी ठरलेली चाल मध्येच सोडली, हाक मारल्यासारखा एकच सूर पुन्हा पुन्हा लावला आणि माझ्याकडे बघत थांबले. मी डोळे मिटून पाठ केलेला तुकडा सफाईनं वाजवला. टाळ्या पडल्या. सरांनी खाली घेतलेला सॅक्सोफोन पुन्हा ओठांना लावलाच नाही. नंतर बाहेर पायरीवर बसून म्हणाले, "छान वाजवलंस रे. पण मी एकटाच राहिलो तिथं." मला साधं "चुकलं, सर" म्हणता आलं नाही. पुढं ते मुलीकडे राहायला गेले आणि तिकडेच वारले. मी अजून वाजवतो, लोक वाखाणतात. पण त्या संध्याकाळी त्या माणसाला सोबत हवी होती, आणि समोर फक्त मी होतो.