रश्श्यातली शेव

पुण्याहून आलेल्या सल्लागाराने फळ्यावर चार रकाने आखले आणि वर लिहिलं, 'मार्केटिंग मिक्स'. खाली माल, भाव, जागा, जाहिरात. मग माझ्याकडे वळून, पहिलीतल्या पोरीला समजवावं तशा आवाजात म्हणाला, "मॅडम, कुठलाही धंदा या चार पायांवर उभा असतो."

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या शेडमध्ये तो हे सांगत होता, ती शेड माझ्या शेवेवर उभी होती. पाचोऱ्याच्या भाड्याच्या खोलीत, एका कढईत मी सुरुवात केली. घरचे मालक, म्हणजे नवरा, नोकरीत, त्यांना या धंद्याची लाज वाटायची. शेवेच्या पिशव्या घेऊन मी एसटीने धुळ्यापर्यंत जायचे. बेसनवाल्याशी, तेलवाल्याशी मी इतकी भांडलेय की माझी रिक्षा दिसली की एक जण गल्ल्यावर भावाला बसवून मागच्या दाराने निघून जायचा.

भावाचं मला कुणी शिकवू नये. चार रुपये चढा सांगायचा, समोरच्याला तीन रुपये कमी करून घेतल्याचं समाधान द्यायचं आणि एक आपला ठेवायचा. जाहिरातही मी एकच केली. नव्या धाब्यावर गेले की आपल्या पिशवीतली मूठभर शेव त्यांच्याच गरम रश्श्यात टाकायची आणि मग पाव तास पावसापाण्याच्या गप्पा मारत बसायचं. पाव तासाने शेव तशीच. धाबेवाला स्वतःच विचारायचा, "अक्का, काय भाव?" आमच्याकडे शेवभाजीची शेव जाड आणि कडक लागते. ती रश्श्यात तग धरते म्हणूनच तिला गिऱ्हाईक आहे.

सल्लागार आणला माझ्या दिराने. धंदा वाढल्यावर मीच त्याला भागीदार करून घेतलं होतं, हे तो सोयीने विसरला होता. त्याला मोठ्या शहरांतल्या मॉलमध्ये आमचं पाकीट बघायचं होतं. सल्लागाराने माझ्या वीस वर्षांच्या धंद्याला 'असंघटित' असा एक शब्द लावला आणि पुढे गेला. शेव बारीक करायची, हलकी करायची, पाकिटात भरायची, भाव छापायचा. घासाघीस बंद.

"आणि धाब्यांची शेव?" मी विचारलं.

"एकच माल ठेवायचा. दोन प्रकार म्हणजे दुप्पट डोकेदुखी."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दीर पॅकिंगच्या बायकांसमोर हसत म्हणाला, "वहिनी, तुम्ही खूप केलंत. आता फक्त सह्या करा."

बायका खाली बघायला लागल्या. एकीला हसू आलं, ते मी पाहिलं.

आठ दिवसांनी नव्या शेवेचा नमुना आला. पंख्याखाली, चहाबरोबर, कागदी बशीत. सल्लागाराने खाल्ली, दिराने खाल्ली, कारकुनानेही खाल्ली. वा, काय हलकी आहे! सगळ्यांनी कोरडीच खाल्ली. शेवेवर पोट असलेल्या त्या खोलीत एकाच्याही डोक्यात आलं नाही की वाटीभर रस्सा मागवावा.

मी एक शेव दोन बोटांत दाबली. तिचं पीठ झालं. मोहन वाढवलं होतं, म्हणजे पिठात घालायचं गरम तेल. वर सोडा. अशी शेव तोंडात टाकताच विरघळते आणि रश्श्यात पडली की दोन मिनिटंही टिकत नाही. मला ते तिथल्या तिथे कळलं. एरवी मी ती बशी सल्लागाराच्या अंगावर फेकली असती. माझा राग सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. पण त्या दिवशी मी पदराला बोटं पुसली आणि म्हणाले, "छान आहे. करा."

दिराला मी वठणीवर आले असं वाटलं. मला वाटलं, जाऊ दे माल बाजारात, होऊ दे याची फजिती. मग बघते कोण कुणाला सह्या करायला लावतो ते.

पाकिटं छापून यायला वेळ होता, म्हणून पहिला सगळा माल जुन्याच पोत्यांतून धाब्यांवर गेला. माझ्या ओळखीच्या, माझ्या शब्दावर जोडलेल्या धाब्यांवर. हे मला माहीत होतं. मी गाडी भरताना पाहिली.

चौथ्या दिवशी शिंदखेड्याच्या रस्त्यावरच्या धाब्यावरून फोन आला. हे माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. मी बसमधून पिशव्या उतरवायचे तेव्हा त्याच्याकडे चारच बाकं होती. वयाने माझ्याहून थोडा लहान, मी त्याला भाऊ म्हणते. फोनवर एवढंच म्हणाला, "अक्का, जेवाले ये."

गेले. भर दुपारची गर्दी होती. त्याने मला मधल्या बाकावर बसवलं आणि स्वतः शेवभाजीची ताटली आणून ठेवली. भाकरी मुद्दाम उशिरा आणली. तोवर ताटलीत शेव उरलीच नव्हती. लाल रश्श्यावर पिवळा चिखल.

शेजारच्या बाकावरचा ट्रकवाला म्हणाला, "शेठ, आज पण पिठलंच का? मग शेवभाजीचे पैसे कशाला घेता?"

आख्खा धाबा हसला. भाऊ हसला नाही.

"हाई शेव शे का, अक्का? चार दिन व्हयनात, बठ्ठा गिऱ्हाईक माले हाईच इचारी ऱ्हायनात."

मी लगेच माझ्या कामाला लागले. हा माल परत नेते, दहा किलो जुनी शेव फुकट देते, पुढचे दोन महिने किलोला पाच रुपये कमी. तो मान हलवत राहिला. मी सात म्हणाले. आयुष्यात मी कुणाला सात रुपये सोडले नव्हते.

"भाव नको माले," तो म्हणाला. "एक सांग. तुले माहीत व्हतं?"

भावाच्या बाबतीत मी डोळ्याची पापणी न हलवता खोटं बोलते. तेव्हाही बोलता आलं असतं. दिराचं नाव घेतलं असतं, त्या पुणेकराचं घेतलं असतं, आणि दोघांचाही दोष होताच. पण ताटली समोर होती.

"हो," मी म्हणाले. "दिराने चारचौघांत माझा अपमान केला होता."

त्याने ताटली माझ्याकडे सरकवली.

"मंग तुन्हा घरनं भांडण मन्हा ताटमां कसाले वाढं?"

असं मला आजवर कुणी बोललेलं नाही. मला संताप आला, आणि तो कुणाचा होता हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. त्याने धुळ्याच्या एका कारखान्याची शेव कालच मागवली होती, ती नुकतीच उतरली होती. पोती मागे रचलेली दिसत होती.

जळगावला परतल्यावर दिराशी जे भांडण झालं, ते शेजारच्या शेडमधल्या लोकांनी काम थांबवून ऐकलं. दुसऱ्या दिवशी जुनी शेव वेगळ्या कढईत पुन्हा सुरू झाली. पाकिटवाली शेव मॉलमध्ये बरी खपते, हे मी नाइलाजाने मान्य करते. सल्लागाराने मात्र आपल्या अहवालात लिहिलं की पारंपरिक ग्राहकांसाठी वेगळा माल ठेवावा, हे आमच्या पाहणीत आढळलं. त्यांच्या पाहणीत! ते वाक्य वाचून मी अहवाल टराटरा फाडला. दिराने दुसरी प्रत काढून कपाटात कुलूपबंद ठेवली आहे.

बाकीचे धाबे परत आले. कुणी चार शिव्या घालून, कुणी दोन रुपये तोडून. शिंदखेड्याचा आला नाही.

त्या बाजूला गेले की मी अजूनही तिथे जेवते. धुळेवाल्याची शेव टिकते, पण तिच्यात लसूण जुनी असते आणि ओव्याचा पत्ता नसतो. परवा मी भाऊला विचारलं, हा काय भावाने देतो? त्याने सांगितलं. मी तीन रुपये खाली सांगितले. त्याने ताटाचे पूर्ण पैसे घेतले, सुटे मोजून हातावर ठेवले आणि म्हणाला, "नही, अक्का."

मग चार रुपये, मी म्हणाले. तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी गल्ल्यासमोरून हलले नाही.